डकोटाच्या दारातली घागर

मी एक जुनं डकोटा विमान आहे. खरं तर होतो, असंच म्हणायला हवं. कारण मित्रांनो, तुम्ही मला बघायला आलात तर तुम्हाला पंख दिसणार नाहीत, शेपूट दिसणार नाही, आणि फुगवलेल्या गालांसारखी ती माझी दोन इंजिनं तर मुळीच दिसणार नाहीत. दिसेल ते एक दार. दाराच्या बाजूला तीन खिडक्या, आणि त्यांना धरून ठेवण्यापुरता पत्रा. भंडारा जिल्ह्यात, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यामुळे उठून नव्या जागी बसलेल्या एका गावात, टिनाच्या शेडखाली मी आहे. दुपारी शेळ्या येऊन मला अंग घासतात. पाहुणे विचारतात, हे काय, एसटीचं दार आणून ठेवलंय का?

एसटीचं! अहो, या दारातून मी अख्ख्या पलटणींना जेवू घातलं आहे. पण जाऊ द्या, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आज मीच सांगतो. गोष्ट काही फार हसरी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा, अमेरिकेतला. मोठी लढाई पेटली होती आणि पुरुष सगळे आघाडीवर गेले होते, तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेल्या बायांनी मला घडवलं. एक बाई आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरायची, दुसरी बाहेरून रिवेट ठोकायची. दिवसभर तोच ठकठकाट. माझं अंग अॅल्युमिनियमचं. कोवळ्या उन्हात मी असा चमकायचो की माझं मलाच कौतुक वाटायचं. शेजारी लढाऊ विमानं तयार होत. त्यांना बंदुका होत्या, मला नुसतं पोट. मी थोडा खट्टू झालो होतो. आपण म्हणजे आभाळातली बंडी, सामान वाहणारी बैलगाडी, असं वाटायचं. पुढे कळलं की बंडी पोचली नाही तर बंदूकवाला उपाशी मरतो.

मला आसामात आणलं. तिथून बर्फाचे डोंगर ओलांडून मी पेट्रोलचे पिंप नेले. ब्रह्मदेशाच्या जंगलात वेढ्यात सापडलेल्या शिपायांना तांदूळ नेला, औषधं नेली, एकदा तर खेचरं नेली. ती खेचरं वाटभर माझ्या भिंतींना लाथा घालत होती. येताना पोट रिकामं नसायचं, जखमी असायचे. मला वाटायचं, जखमी माणसं ओरडत असतील. नाही ओरडत. ती छताकडे बघत गप्प पडून राहतात. उतरल्यावर सगळेच उठायचे असंही नाही. मग कोणीतरी बादलीभर पाणी ओतून माझी जमीन धुवायचं आणि त्याच ओल्या जमिनीवर पुन्हा तांदळाची पोती रचायचं. माझ्याबरोबर निघालेली कितीतरी विमानं त्या डोंगरांतून परत आलीच नाहीत. संध्याकाळी मैदानावर रिकाम्या जागा दिसायच्या. सकाळी त्या जागांवर नवीन विमानं उभी असायची.

लढाई संपली. देश स्वतंत्र झाला आणि मी इथल्याच हवाई दलात राहिलो. फाळणीच्या वेळी गाठोडी छातीशी धरून बसलेली माणसं मी वाहिली. त्यांच्यातलं कोणीही खिडकीतून बाहेर बघत नव्हतं. नवल वाटलं मला. पहिल्यांदा विमानात बसलेलं माणूस खिडकीला नाक लावतंच की. पण त्यांना खाली काही बघायचं राहिलं नव्हतं.

मग बासष्ट साल आलं. उत्तरेकडच्या डोंगरांत पुन्हा लढाई सुरू झाली. शिपाई वर उंच ठाण्यांवर होते आणि तिथे जायला रस्ता नव्हता. आम्ही खालच्या धावपट्टीवरून पोती भरून न्यायचो आणि वरून टाकायचो. तुम्ही म्हणाल, तांदळाचं पोतं वरून टाकलं तर फुटणार नाही का? फुटतं ना. म्हणून एका पोत्यात दुसरं पोतं घालायचं. आतलं फुटतं, बाहेरचं सैल असतं, ते सांडलेले दाणे धरून ठेवतं. माझं मागचं दार काढून ठेवलेलं असायचं. नुसती चौकट उघडी. तिथे दोन शिपाई उभे राहायचे आणि घंटा वाजली की पोती बाहेर लोटायचे.

त्यातला एक होता धनीराम. वैनगंगेच्या काठचा, मासे मारणाऱ्या घरचा पोरगा. डुलत्या डोंग्यात उभं राहून जाळं फेकायची त्याला लहानपणापासून सवय. मी कितीही हिंदकळलो तरी त्याचे पाय जमिनीला चिकटलेले. दुसरा होता गुलाब, नागपूरकडचा. तो धनीरामला सारखा चिडवायचा.

"अबे धन्या, खाली मासोळ्या नाही, शिपाई आहेत. जाळं नको फेकू."

"भुकेले दोघंही सारखेच असते बे," धनीराम म्हणायचा. "मासोळीले चारा लागते, शिपायाले भात."

पोत्याला नाक लावून तो वास घ्यायचा आणि सांगायचा, हा आमच्याकडचा तांदूळ. गुलाब म्हणायचा, तुले तर सगळाच तांदूळ तुमच्याकडचा वाटते. धनीरामचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचं नाव सत्यभामा. ती त्याला म्हणाली होती, विमानाले दार असते म्हणे, कसं असते ते? आपल्या घरासारखं का? आणि हा गडी कबूल करून आला होता की एक दिवस तुला ते दार दाखवीन. हे त्याने गुलाबला इतक्यांदा सांगितलं होतं की गुलाब म्हणाला, तू वहिनीले दारच दाखव बाप्पा, आमचा जीव सोड.

त्या दिवशी ढग खाली आले होते. दोन्हीकडे डोंगराच्या भिंती, आणि त्यांच्या मधून वळत जायचं. घंटा वाजली, पोती जायला लागली. शेवटचं पोतं चौकटीत आडवं अडकलं. धनीरामच्या कमरेला पट्टा होता आणि तो माझ्या भिंतीला बांधलेला होता. पण पट्टा तोकडा, हात पोचेना. खाली ठाण्यावर माणसं वाट बघत होती आणि ती जागा मागे पडत चालली होती. त्याने पट्टा सोडला, पुढे झाला आणि पायाने पोतं लोटलं. पोतं सुटलं. त्याच वेळी डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्याने मला हातभर खाली आपटलं.

गुलाब चौकटीला धरून कितीतरी वेळ ओरडत होता. इंजिनांच्या आवाजात त्याचं ओरडणं मलासुद्धा नीट ऐकू येत नव्हतं.

धनीरामचा देह मिळाला नाही. त्याची पेटी घेऊन गुलाब गावी गेला. घरच्यांनी पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि रीतीप्रमाणे त्याला नदीकाठी अग्नी दिला. सत्यभामा तेव्हा कोवळी पोर होती. ती एवढंच म्हणाली होती म्हणे, "पानं जाळून माणूस नाही जळत." त्यानंतर तिने कोणापुढे तो विषय काढला नाही.

मी आणखी वर्षं काढली. एकाहत्तरची लढाई पाहिली. मग नवी, मोठी विमानं आली आणि मला नागपूरच्या विमानतळाच्या एका कोपऱ्यात लावून ठेवलं. चाकांभोवती गवत वाढलं. इंजिनात गांधीलमाश्यांनी पोळं केलं. चालकाच्या खुर्चीत एक कुत्री व्याली. पाऊस आत यायचा आणि आतच सुकायचा. मित्रांनो, काम नसणं हे म्हातारपणापेक्षा वाईट असतं. म्हाताऱ्याला निदान कोणी विचारतं, जेवला का म्हणून.

मला तिथून सोडवलं ते गुलाबने. तो निवृत्त झाला होता, केस पांढरे झाले होते. धनीरामच्या गावी त्याची आठवण म्हणून एखादं जुनं विमान द्या, असा अर्ज जिल्ह्यातल्या माजी सैनिकांनी केला आणि गुलाबने हट्ट धरला की द्यायचं तर तेच द्या. तेच म्हणजे मी. माझे पंख सोडवले, मला ट्रकांवर चढवलं आणि गावात आणून पुन्हा जोडलं. सगळं गाव गोळा झालं. पोरं चाकांवर चढली. एका म्हाताऱ्याने विचारलं, हे इथून उडणार का, आणि उडणार असेल तर माझ्या कौलांचं काय?

सत्यभामाबाई मागे उभी होती. आता ती पोर राहिली नव्हती. गर्दी पांगल्यावर ती माझ्या मागच्या चौकटीपाशी आली. मी शेपटावर टेकून उभा राहणारा, त्यामुळे नाक वर आणि मागचा भाग खाली. तरीही चौकटीचा उंबरठा तिच्या छातीएवढा उंच होता. तिने उंबरठ्यावरून हात फिरवला आणि गुलाबला विचारलं, "हेच का ते दार, भाऊजी?"

गुलाबने मान हलवली. 

"मोठं आहे," ती म्हणाली. "मले वाटलं होतं, आपल्या घराएवढं असन."

त्या दिवसापासून मी तिचा झालो. विदर्भात अक्षय तृतीयेला, म्हणजे गावच्या भाषेत तिजेला, गेलेल्या माणसांसाठी पाण्याने भरलेली मातीची घागर ठेवतात. वैशाखाच्या उन्हात पितरांना तहान लागते, म्हणून. सत्यभामाबाईने तोवर कधी घागर मांडली नव्हती. कुठे मांडणार? पहिल्याच तिजेला ती स्टुलावर चढून आत आली आणि उंबरठ्याच्या आत, बरोबर जिथे तो उभा राहायचा तिथे, तिने घागर ठेवली. आणि पितर यायच्या आधी घर सारवतात, भिंती पांढऱ्या करतात, तसं तिने मला पांढरं केलं.

चुना विकतचा नव्हता. मासे मारणाऱ्यांचं घर, नदीत शिंपले चिक्कार. ती वर्षभर शिंपले जमवायची, गोवऱ्यांच्या भट्टीत ते भाजायची, पाण्यात विरवायची आणि गाळून कुच्याने माझ्या अंगावर फासायची. चौकटीला दोन हात, उंबरठ्याला तीन. मी पांढराशुभ्र व्हायचो. वर्तमानपत्रवाले फोटो काढून न्यायचे. नवरदेव-नवरी माझ्या पंखाखाली उभी राहायची. साहेब लोक भाषणात सत्यभामाबाईचं नाव घ्यायचे, एका वर्षी तर तिला शाल दिली. ती शाल तिने घडी करून ठेवली आणि पुन्हा शिंपले वेचायला गेली.

आता ऐका. ओला चुना लागला की माझ्या अंगावर बारीक बुडबुडे यायचे. सुया टोचाव्या तसं व्हायचं. माझं अंग अॅल्युमिनियमचं, आणि चुना अॅल्युमिनियमला खातो. हळूहळू खातो, वाळवीसारखा. भिंतीवरून ओघळलेलं चुनवणी आत झिरपायचं, आणि मी मागे कललेला असल्यामुळे सगळं जाऊन साचायचं दाराजवळच्या जमिनीखाली. बाहेरून मी नवाकोरा दिसायचो. आतून माझा पत्रा जुन्या कापडासारखा विरत होता. मला बोलता येत नाही. वारा खिडक्यांतून शिरला की मी गुणगुणतो, तेवढंच. सत्यभामाबाई ते ऐकून म्हणायची, बरं वाटून रायलं त्याले.

मग धरणाचं पाणी आलं. गाव उठलं. घरांची दारं, कौलं, देवळातला देव, सगळं ट्रॅक्टरवर चढलं. नदीकाठची ती जागाही गेली, जिथे पळसाची पानं जाळली होती. सत्यभामाबाई मात्र जुन्या गावात बसून राहिली. विमान आधी, मग मी, म्हणाली. शेवटी माझे पंख पुन्हा सोडवले आणि मला माझ्याच चाकांवर ओढत नव्या गावात आणून ते परत जोडले. ती काठी टेकत मागून चालत आली. नव्या गावात सगळी घरं एकसारखी. माणसं आपलं दार चुकायची. ती कधी चुकली नाही, कारण तिचं घर माझ्या समोर होतं.

अशी काही वर्षं गेली आणि एक दिवस कामिनी आली. नागपुरात जुनी विमानं जपणारी काही मंडळी आहेत, त्यांच्यातली ही एक मुलगी. जीन्सच्या खिशात पेचकस, केसांना रबर. मी कुठल्या कुठल्या लढाया पाहिल्या हे तिने आधीच वाचलेलं होतं, त्यामुळे ती माझ्याकडे लग्नातल्या नवरदेवाकडे बघावं तशी बघत होती. मग तिने नखाने चुन्याचा एक पापुद्रा काढला. त्याच्याबरोबर पांढरी भुकटी पडली. ती भुकटी मी होतो. तिने आत शिरून जमिनीवर बोटाने टकटक केलं, गुडघ्यावर बसून खालून बघितलं आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

तिने सगळं भुपेंद्रला सांगितलं. भुपेंद्र म्हणजे सत्यभामाबाईचा पुतण्या, गावचा सरपंच. ती त्याच्याच घरात राहायची, आणि तो तिला मोठमाय म्हणायचा. सोबत त्याची बायको ममता होती. कामिनी म्हणाली, चुना आजच्या आज बंद करा. दाराजवळ कोणी चढू नका. पावसाळ्याआधी धुऊन घेतलं तर बराचसा भाग वाचेल.

ममता म्हणाली, मोठमायला सांगायला पाहिजे.

"कोन सांगन?" भुपेंद्र म्हणाला. "तू सांगतं? तुह्याच हातानं तू त्याले खाल्लं, असं सांगतं तिले?"

 भुपेंद्र वाईट माणूस नाही, मित्रांनो. लहानपणी बाप वारल्यावर मोठमायनेच त्याला वाढवलं होतं. तिच्या जीवाला लागू नये एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने कामिनीला हात जोडून सांगितलं की घरातली गोष्ट आहे, तुम्ही बोलू नका, मी बघतो. आणि तीज जवळ आल्यावर मोठमायला काय सांगितलं? तर यंदा नागपूरवरून सरकारी रंग येणार आहे, म्हणून चुना लावायचा नाही. मी समोरून ऐकत होतो. हे ऐकून मला वाऱ्याशिवाय गुणगुणावंसं वाटलं. कारण परसात शिंपल्यांची भट्टी लावून झाली होती. मडक्यात चुना विरत होता. ज्या घरात चुना स्वतः करतात त्या घरात सरकारी रंगाची वाट कोण बघणार?

तीज उजाडली. रंग आला नव्हता. सत्यभामाबाईने दोन दिवस वाट बघून ममताला विचारलं होतं, सरकारले तीज माहीत आहे का? सकाळी घरचे उठायच्या आत तिने मडकं, कुचा आणि घागर उचलली. आता तिचं वय ऐंशीच्या पुढे. आधी चौकट रंगवली, उंबरठा रंगवला, नेहमीसारखं पुटपुटत. मग स्टुलावर चढली, घागर आत सरकवली आणि मागोमाग स्वतः आत आली. घागर जागेवर नीट बसवायची होती.

मी तिला सांगू शकत नव्हतो. तिच्या पायाखाली पत्रा पापडासारखा मोडला. ती कमरेपर्यंत माझ्या जमिनीत गेली, तिथे अडकली, आणि मग बाकीचा पत्राही सुटला. घागर तिच्या आधी खाली पडून फुटली होती. पाणी आणि चुना एकत्र वाहत होता, आणि त्यात ती पडली होती, नुकत्याच रंगवलेल्या भिंतीसारखी पांढरी. ज्या दारातून तो गेला त्याच दारातून ती.

तिच्या खुब्याचं हाड मोडलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, या वयात चालणं अवघड आहे. तिला घरी आणून ओसरीत खाटेवर ठेवलं. खाट माझ्याकडे तोंड करून. तसं तिनेच सांगितलं होतं.

गाव मात्र माझ्यावर उलटलं. काल फोटो काढणारे आज माझ्याजवळून जाताना पोरांना ओढून पलीकडे न्यायचे. सभा भरली. भुपेंद्र म्हणाला, "दोघांले खाल्लं यानं. आता कापा." एका भंगारवाल्याला निरोप गेला. कामिनी नागपूरहून धावत आली, भुपेंद्रला विनवू लागली की सगळं कापू नका, थोडं वाचतंय. तो ऐकेना. तेव्हा ती सरळ ओसरीत गेली आणि खाटेजवळ जमिनीवर बसली. ममता चहाची कपबशी घेऊन तिथेच उभी होती.

"आजी," कामिनी म्हणाली, "तुमच्या पायाखालचा पत्रा चुन्याने खाल्ला होता."

सत्यभामाबाईने तिच्याकडे मान वळवली. "कोणत्या चुन्यानं?"

"तुमच्या."

ममताने कपबशी खाली ठेवली. भुपेंद्र दारातच थबकला.

"तुले कवा कळलं?" सत्यभामाबाईने विचारलं.

"होळीच्या आधी."

ती भुपेंद्रकडे वळली. "आणि तुले?"

"तेव्हाच, मोठमाय."

"होळीच्या आधी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मंग यंदाचा हात तरी वाचला असता ना रे त्याचा. मले काहून नाही सांगितलं?"

"तुले लागन म्हणून."

"आता नाही लागलं का?" तिने मोडलेल्या पायावर थाप मारली. भुपेंद्र भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने तोंड झाकून घेतलं. पन्नाशीचा सरपंच लहान मुलासारखा रडत होता आणि कोणी त्याला उगी म्हटलं नाही.

मग ती म्हणाली, खाट उचला. चौघांनी खाट उचलून माझ्या चौकटीपाशी आणली. तिने हात लांब करून उंबरठ्यावरचा चुना खरवडला. खाली भोक होतं. आणखी खरवडलं. आणखी भोकं. तिने एका भोकात बोट घातलं आणि ते तसंच ठेवलं.

"बुडबुडे येत," ती हळूच म्हणाली. "मले वाटे, चुना चांगला धरून रायला."

 मला वाटलं, आता तीसुद्धा म्हणेल, कापा. म्हणायला हक्क होता तिचा. साठ वर्षं झाली, तिच्या माणसाची या जगात दाखवण्यासारखी एकच जागा होती, ती म्हणजे माझं हे दार. आणि आता तेही तिच्याच हाताने विरलं होतं.

तिने कामिनीला विचारलं, काय वाचते? कामिनी खोटं बोलली नाही. होळीआधी बरंच वाचलं असतं, पण जमीन मोडली तसा सगळा सांगाडाच खचला होता. पंख नाही, शेपूट नाही, पोट नाही. दाराची वरची चौकट आणि पुढच्या तीन खिडक्या. तेही लगेच धुतलं तर. उंबरठा नवा घालावा लागेल.

"मंग बाकी जाऊ दे," सत्यभामाबाई म्हणाली. "दार ठेवा. आणि उंचावर नका ठेवू, जमिनीले टेकून ठेवा. आता कोनी पडाले नको."

चौकट तिने स्वतः धुतली. खाटेवरून हात पोचेल तेवढी. रोज सकाळी ममता आणि भुपेंद्र खाट आणायचे, कामिनीने सांगितल्याप्रमाणे साधं पाणी आणि मऊ फडकं द्यायचे. कुच्याने जे चढवलं होतं ते ती फडक्याने उतरवत होती. किती सावकाश! एका खिडकीला दोन दोन दिवस. खालून माझा खरा रंग आला. चमक नव्हती, देवी आलेल्या तोंडासारखे खड्डे होते. ती त्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवायची. आता मला टोचत नव्हतं.

मग कापणारे आले. निळी ज्योत माझ्या मानेतून आत गेली. बायांनी एकेक करून ठोकलेल्या रिवेटा चटचट उडाल्या. पंख पडले तेव्हा जमीन हादरली. सत्यभामाबाई खाटेवरून सगळं बघत होती. भुपेंद्र म्हणाला, मोठमाय, आत चल, नको पाहू. ती म्हणाली, "आता मले कायी नका लपवू." आणि शेवटचा तुकडा ट्रकवर चढेपर्यंत तिने नजर काढली नाही.

पावसाळा संपायच्या आत ती गेली. तिरडी माझ्यापाशी थांबवली होती. तेव्हा शेड नव्हती, मी विटांवर नुसता टेकून उभा होतो, आणि पाऊस माझ्या चौकटीतून आरपार जात होता.

पुढच्या तिजेला ममताने दोन घागरी भरून माझ्या दारात ठेवल्या. एक त्याची, एक तिची. भुपेंद्र बादली घेऊन आला तेव्हा जमलेल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. बादलीत साधं पाणी होतं. त्याने फडकं भिजवलं, पिळलं आणि मोठमायने शिकवल्यासारखं एका खिडकीपासून सुरुवात केली. मडक्यात तिचा शेवटचा चुना उरला होता, तो ममताने त्यांच्या घराच्या भिंतीला लावला. मातीच्या भिंतीला तो सोसतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत, गावात एखादी जुनी वस्तू असेल, एखादं जुनं माणूस असेल. त्यांना जपा. पण जपायच्या आधी, त्यांना काय सोसतं आणि काय सोसत नाही, ते विचारून घ्या. आणि कोणाचा हात मायेने चुकत असेल तर तो वेळेवर धरा. वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. त्या गप्प बसण्याने माझं बाकीचं अंग गेलं आणि तिचा पाय गेला.

या, एकदा मला बघायला. शेळ्या हाकलायची गरज नाही, त्यांचा मला त्रास नाही. माझा नवा उंबरठा आता मातीला टेकलेला आहे, तान्हं पोरही रांगत ओलांडतं. दार उघडंच असतं. त्यातून आता कोणी पडत नाही.